माळेची जाहिरात थांबवा

गेल्या तुकाराम बीजेच्या सप्ताहात आईला घेऊन आमच्या देहूतच एका कीर्तनाला गेलो होतो. बुवा तयारीचे, आवाज खणखणीत, पखवाजाची साथ उत्तम. निरूपण रंगात आलं असताना त्यांनी अमेरिकेचा विषय काढला. तिथे मॉर्मन नावाचा पंथ आहे, म्हणाले. ही माणसं दारू पीत नाहीत, तंबाखूला शिवत नाहीत, चहा-कॉफीसुद्धा घेत नाहीत, महिन्यातून एक उपास धरतात आणि इतर अमेरिकनांपेक्षा दहा वर्षं जास्त जगतात. "त्यांच्याकडे तुळस नाही, पांडुरंग नाही, तरी दहा वर्षं. आपल्याकडे दोन्ही आहे. गळ्यात माळ घाला, दवाखान्याची पायरी चढावी लागणार नाही." मंडपात विठ्ठलनामाचा गजर झाला. बाहेर पडताना एक चार पानी पुस्तिका हातात आली, तिच्यातही हेच छापलेलं. मंडपात बायकांच्या बाजूला बसलेल्या आईने मात्र मान खाली घातली होती. का, ते पुढे सांगतो.

आमचं घर माळकऱ्यांचं. माळ मी सतराव्या वर्षी घेतली. एकादशी चुकत नाही, आणि वर्षातली एक वारी, आषाढी नाहीतर कार्तिकी, होतेच. पोट भरतं चाकणच्या एका कारखान्यात, क्वालिटी विभागात, बावीस वर्षं झाली. तेव्हा हे लिहिणारा माणूस मंडपाच्या बाहेर उभा राहून टिंगल करणारा नाही. बुवांचा दावा मला चुकीचा वाटतो आणि त्याहून जास्त घातक वाटतो, म्हणून लिहितो आहे.

आधी त्यांच्या पारड्यात जे पडायला हवं ते टाकतो. मॉर्मनांचा आकडा बनावट नाही. जेम्स एन्स्ट्रॉम आणि लेस्टर ब्रेस्लो या संशोधकांनी कॅलिफोर्नियातल्या सुमारे दहा हजार क्रियाशील मॉर्मन प्रौढांचा १९८० ते २००४ असा माग ठेवला आणि २००८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुरुषांचं अपेक्षित आयुष्य ८४ वर्षं निघालं, स्त्रियांचं ८६. सर्वसाधारण गोऱ्या अमेरिकन पुरुषाच्या मानाने ही वाढ दहा वर्षांच्या घरात जाते. खाण्यापिण्याचा हा नियम त्यांच्याकडे आला १८३३ साली, ओहायो राज्यातल्या कर्टलंड गावात. पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ याच्याकडे माडीवर धर्मचर्चेला पुरुष जमायचे, पाइप ओढायचे, तंबाखू चघळून जमिनीवर थुंकायचे, आणि ती जमीन घासायची पाळी त्याची बायको एमा हिच्यावर यायची. तिच्या वैतागातून हा विषय निघाला, असं त्या पंथाचे लोकच सांगत आले आहेत. बरीच दशकं हा नुसता उपदेश होता. मंदिरात प्रवेश हवा तर तो पाळलाच पाहिजे, अशी अट पक्की झाली ती १९२१ च्या सुमारास. मिश्रीची आणि पानाची पिंक काढून ज्यांचे हात झिजले त्या आपल्याकडच्या बायकांना एमाची गोष्ट सांगायला हवी. बुवांनी सगळ्या मॉर्मन पुराणातली नेमकी तीच वगळली.

वगळलेली दुसरी गोष्ट जास्त मोठी आहे. त्याच अभ्यासात या दोघांनी मॉर्मन नसलेल्या गोऱ्या अमेरिकनांकडेही पाहिलं. ज्यांनी कधी धूम्रपान केलं नाही, जे लग्न करून संसारात आहेत, ज्यांचं किमान बारा वर्षं शिक्षण झालंय आणि जे आठवड्याला कुठल्या ना कुठल्या प्रार्थनेला जातात, अशी माणसं त्यांनी वेगळी काढली. त्यांचाही मृत्युदर चांगलाच खाली आला. देव कोणता, ग्रंथ कोणता, संस्थापक कोण, याने फारसं बिघडलं नाही. सिगारेट न ओढणं, शिक्षण, घर, आणि दर आठवड्याला आपली चौकशी करणारी चार माणसं, या गोष्टींनी काम केलं.

आणखी एक मुद्दा मला त्या आकड्यांतच दिसतो. मॉर्मन पुरुषांची वाढ मोठी आहे, बायकांची त्या मानाने कमी. हेच दुसऱ्या एका पंथात दिसतं. पुण्यात औंध रस्त्याला स्पायसर कॉलेज आहे. ते सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्ट या पंथाचं. हे लोकही दारू-तंबाखू वर्ज्य मानतात, बरेचजण शाकाहारी असतात. त्यांच्या कॅलिफोर्नियातल्या मंडळींवरचा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला: इतर कॅलिफोर्नियावासीयांपेक्षा पुरुष ७.३ वर्षं जास्त जगतात, बायका ४.४ वर्षं. श्रद्धेने आयुष्य वाढत असतं तर बायकांना कमी का मिळालं? कुठल्याही देवळात, चर्चमध्ये, सप्ताहात जाऊन पाहा, भक्तीत बायका पुरुषांच्या मागे कधीच नसतात. फरक पडतो तो व्यसनात. बाहेरच्या जगात पुरुष जास्त ओढतात, जास्त पितात, म्हणून ते सोडल्यावर पुरुषांच्या पदरात जास्त पडतं. देवाची कृपा पुरुषाला सात आणि बाईला चार अशी वाटली जात नाही, बुवा. तंबाखूचं विष मात्र तसं वाटलं जातं.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट. कारखान्यात माल तयार झाला की लॉटमधून सॅम्पल काढतात. डिस्पॅचच्या दारात उभ्या असलेल्या, आधीच पास होऊन आलेल्या पेटीतून दहा पार्ट उचलून "लॉट शंभर टक्के चांगला" असा शिक्का मारला, तर त्या माणसाला दुसऱ्या दिवशी कामावर ठेवत नाहीत. रिजेक्शनची पेटी बघितल्याशिवाय लॉटविषयी बोलायचं नसतं. मॉर्मनांच्या अभ्यासात जे घेतले ते 'क्रियाशील' होते, म्हणजे नियमित येणारे, पंथात जबाबदारी असलेले. जो आजारी पडून अंथरुणाला खिळला, जो पिऊ लागला आणि लाजून यायचा बंद झाला, तो त्या यादीत पहिल्यापासूनच कमी येणार. संशोधकांना हे ठाऊक असतं, ते जपून बोलतात. बुवा जपून बोलले नाहीत.

आपल्याकडे हीच चूक दरवर्षी ज्येष्ठ वद्य सप्तमीला होते. तुकोबांची पालखी देहूतून निघते, आणि सत्तरीच्या म्हाताऱ्या डोक्यावर तुळस घेऊन तरातरा चालताना दिसतात. बघणारा म्हणतो, वारकरी कसे काटक असतात बघा. अडीचशे किलोमीटर चालायला निघालेला माणूस काटक असणारच, नसता तर निघालाच नसता. पालखी आकुर्डीकडे गेली की आमच्या गावात जे मागे राहतात त्यांना कोण मोजतं? गुडघे गेलेल्या, डायलिसिसवर असलेल्या, अर्धांगाने पडलेल्या माळकऱ्यांनी ओसरीवरूनच हात जोडलेले असतात. माळ त्यांच्याही गळ्यात आहे. चालणाऱ्यांवरून माळेचा गुण सांगायचा असेल, तर ओसरीवरच्यांवरून माळेचा दोष सांगावा लागेल. मला दोन्ही मान्य नाही.

पुस्तिकेत "माळकऱ्याची जीवनशैली हीच जगातली सर्वोत्तम आरोग्यशैली" असं म्हटलं आहे. तर मग या जीवनशैलीत नेमकं काय येतं ते पाहू. दारू नाही, हे मोलाचं आहे. चाकणच्या पट्ट्यात पगाराच्या दिवशी दारूच्या दुकानासमोर लागलेल्या रांगा मी पाहतो, आणि माळ घेतल्यामुळे त्या रांगेतून कायमची बाहेर पडलेली घरंही पाहिली आहेत. त्यांचा जीव वाचला, संसार वाचला. हे श्रेय कुणी काढून घेऊ नये. पण तंबाखूचं काय? मॉर्मनांच्या नियमात तंबाखू बंदीच्या यादीत ठळक आहे. आपल्याकडे मांस आणि दारू सुटते, चुन्याची डबी मात्र बंडीच्या खिशात राहते. दिंडीत टाळ थांबले की तळहातावर मळलेली तंबाखू या हातातून त्या हातात जाते, आणि म्हाताऱ्या पहाटे मिश्री लावल्याशिवाय हरिपाठाला बसत नाहीत. २०१६-१७ च्या सरकारी तंबाखू पाहणीनुसार महाराष्ट्रात जवळजवळ चौथा हिस्सा प्रौढ खायची-लावायची तंबाखू वापरतात, ओढणारे त्या मानाने अगदी थोडे. भारतातल्या पुरुषांत तोंडाचा कर्करोग सगळ्या कर्करोगांत पुढे आहे, तो उगीच नाही. देहूच्या नगरपंचायतीने २०२२ मध्ये गावात मांस-मासळीच्या विक्रीवर बंदी घातली. राज्यात गुटख्यावर बंदी २०१२ पासून आहे. गावातल्या कोणत्या दुकानात यांतली कोणती बंदी पाळली जाते, हे देहूकराला सांगायला नको. ज्यांना मॉर्मनांचा दाखला द्यायचाय त्यांनी आधी व्यासपीठावरच्या टाळकऱ्यांचे खिसे तपासावेत.

एकादशीचंही तसंच. मॉर्मनांचा महिन्यातला उपास म्हणजे दोन वेळचं खाणं आणि पाणीही बंद, आणि वाचलेल्या जेवणाचे पैसे गरिबांना. आपल्या घरी एकादशीला साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, शेंगदाण्याची आमटी, वरईचा भात, वर राजगिऱ्याचा लाडू. यातला बटाटा, शेंगदाणा, मिरची आणि ज्या कंदापासून साबुदाणा होतो तो कंद, ही सगळी अमेरिका खंडातून आलेली पिकं. ज्ञानोबांच्या काळी ती इथे नव्हतीच. फराळाला माझी हरकत नाही, मलाही खिचडी आवडते. पण २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीत देशातल्या ११.४ टक्के प्रौढांना मधुमेह आणि ३५.५ टक्क्यांना उच्च रक्तदाब निघाला आहे. अशा देशात साबुदाण्याच्या ताटाला आरोग्यशैली म्हणणं म्हणजे लोकांच्या जिवाशी खेळ आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याच्या आसपासच्या खेड्यांतल्या गरोदर बायकांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास चालवला. त्यात दोन तृतीयांश आयांच्या रक्तात ब१२ जीवनसत्त्व कमी निघालं, आणि आईच्या पोटात असतानाच्या या कमतरतेचा संबंध पुढे मुलांच्या मधुमेहाकडे झुकणाऱ्या शरीराशी दिसला. याचा अर्थ माळ तोडून मटण खा असा नाही. दूध-दही पुरेसं घ्या, डॉक्टर सांगतील तर गोळी घ्या, इतकाच आहे. पण घरात सगळ्यांत जास्त उपास बाई करते आणि सगळ्यांत कमी दूध तिच्याच वाट्याला येतं. "शाकाहार आहे, म्हणजे झालं" असं कीर्तनात ऐकून घरी जाणारी बाई ही गोळी कधी मागणार?

मला सगळ्यांत जास्त खटकतं ते वेगळंच. हा दावा संतांच्याच चरित्राला धरून नाही. ज्ञानेश्वरांनी १२९६ मध्ये समाधी घेतली तेव्हा त्यांचं वय २१. वर्षभरात मुक्ताई गेली, तिला विशीही दिसली नाही. तुकोबांनी चाळिशी ओलांडली ना ओलांडली, तोच देहू त्यांना मुकलं. त्यांची थोरली बायको रखुमाबाई दम्याने बेजार होती. १६३० च्या दुष्काळात ती अन्न अन्न करत गेली, पाठोपाठ मुलगा संतू गेला. ज्या घरातून आपली पालखी निघते त्या घराला विठ्ठलाने दमाही चुकवला नाही आणि उपासमारही. तुकोबांनी यावर काय केलं? भंडाऱ्याच्या डोंगरावर जाऊन बसले, आणि सावकारीची आपल्या वाट्याची खतं इंद्रायणीत बुडवली. आयुष्याची हमी त्यांनी देवाकडे मागितली नाही आणि आपल्यालाही कधी दिली नाही.

चोखोबा आठवा. मंगळवेढ्याला गावकुसाच्या कामावर वेठीला लावलेले, १३३८ मध्ये भिंत कोसळली, इतर मजुरांबरोबर तेही गाडले गेले. नामदेवांनी त्यांच्या अस्थी शोधून पंढरपूरला आणल्या आणि महाद्वारासमोर समाधी बांधली. चोखोबांच्या नेमधर्मात काही कमी राहिलं असेल, असं नामदेवांच्या मनाला शिवलं नाही. आठ डिसेंबर २०२३ ला आमच्या शेजारच्या तळवड्यात, वाढदिवसाच्या केकवर लावायच्या फुलबाजी-मेणबत्त्या बनवणाऱ्या कारखान्यात आग लागली आणि कामावरच्या बायका होरपळून गेल्या, काही जागीच, काही नंतर रुग्णालयात. त्यांच्या मृत्यूचं कारण शोधायचं तर परवान्यांत शोधावं लागेल, दारांत आणि शोभेच्या दारूच्या साठ्यात शोधावं लागेल. त्यांच्या जीवनशैलीत ते सापडणार नाही. २०१९ च्या नोव्हेंबरात दिवे घाटात दिंडीत जेसीबी घुसला आणि नामदेवरायांचे वंशज सोपानमहाराज नामदास यांच्यासह दोघे गेले. भजन करत चाललेले होते ते. याहून शुद्ध जीवनशैली कोणती?

एकोणिसाव्या शतकात पंढरपूरची यात्रा म्हटली की सरकारी कागदांत पटकीचा उल्लेख ठरलेला. ती पटकी माळकरी आणि बिनमाळकरी असा भेद करत नव्हती. पाणी आणि स्वच्छता सुधारली तेव्हा ती हटली. गाडगेबाबांना हे कळलं होतं, म्हणून कीर्तनाआधी त्यांच्या हातात खराटा असायचा. २०२० आणि २०२१ मध्ये पायी वारी झाली नाही, तुकोबांच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. विषाणू तुळशीला भीत नाही, हे त्या दोन वर्षांत संप्रदायाच्या जाणत्यांनी मान्य केलं होतं. आता ते विसरायला झालं का? आज लोणावळ्यापासून आळंदीपर्यंत गावांचं सांडपाणी आणि कारखान्यांची रसायनं इंद्रायणीत येतात, आळंदीच्या घाटाला पांढरा फेस येतो, त्याच पाण्यात वारकरी स्नान करून तीर्थ म्हणून ओंजळ तोंडाला लावतो. "माळ घाला, दवाखाना टळेल" हे वाक्य ऐकून सगळ्यांत जास्त हायसं कुणाला वाटत असेल? ज्याचा पाइप रात्री नदीत सुटतो त्याला. आजार माळेच्या हिशोबात गेला की पाइपाचा हिशोब कुणी मागत नाही.

आता आईने मान का खाली घातली ते.

अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, अठ्ठावन्नाव्या वर्षी स्वादुपिंडाचा कर्करोग झाला. विशीत माळ घेतलेली, दारू कधी नाही, तंबाखू कधी नाही, चहासुद्धा पन्नाशीत सोडलेला. निदानानंतर तीन महिने राहिले. शेवटच्या आठवड्यात मला जवळ बोलावून विचारलं, "माझं काय चुकलं रे?" वेदनांपेक्षा हा प्रश्न त्यांना जास्त छळत होता, कारण वर्षानुवर्षं ऐकत आले होते की पाळणाऱ्याचं भलं होतं. आणि दहाव्याच्या दिवशी भजनी मंडळातल्या एकाने आईसमोर म्हटलं, "माळ खरी असती तर पांडुरंगाने असं केलं नसतं. कुठंतरी खोट राहिली असेल." त्या माणसाच्या मनात वाईट नव्हतं. बुवा मंडपात जे सांगतात त्यातून निघणारा सरळ हिशोब त्याने मांडला. पाळणारा निरोगी राहतो, तर आजारी पडला त्याने पाळलं नाही. आई अजून ते वाक्य उगाळते. आता तिला स्वतःला मधुमेह आहे, रोज इन्सुलिन घेते, आणि मंडळात कुणाला कळू नये म्हणून सुई पदराआड लपवते.

माळ मोडा असं मी म्हणत नाही, माझीही गळ्यात आहे. दारू सोडवणारं, चालायला लावणारं, आजारपणात डबा आणून देणारं असं जे काही संप्रदायात आहे ते जपावं, वाढवावं. वारीतल्या फिरत्या दवाखान्यांत रक्तदाब आणि साखर तपासून घेण्यासाठी रांगा लागाव्यात, हे बुवांनी कीर्तनातून सांगावं. माळेला तंबाखू सोडण्याची अट घाला, मी पहिला पाठिंबा देईन. नदीसाठी दिंडी काढा, मी रजा टाकून येईन. फक्त आयुष्याच्या वर्षांचं आमिष दाखवून माळ खपवू नका.

येत्या बीजेला तुम्ही पुन्हा देहूत उभे राहाल, बुवा. बायकांच्या बाजूला पहिल्या रांगेत माझी आई बसलेली असेल. तिच्या गळ्यात चाळीस वर्षांची माळ आहे आणि पिशवीत इन्सुलिन. तिच्याकडे बघून बोला.